मुक्ताबाईंची पितळी भातुकली

"पोलिसांकडं जा म्हणणार असशील तर मी आत्ताच उठते," मुक्ताबाई माळगे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "हसले मला. म्हातारीची खेळणी चोरीला गेली म्हणून."

कौसर मुल्ला हसली नाही. सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानावर तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. समोर बसलेला तिचा मदतनीस महेश्वर मात्र हसणार होता. तिनं नुसतं बघितलं तेव्हा त्यानं तोंड आवरलं.

मुक्ताबाईंनी पिशवीतून बोटभर पितळी पातेलं काढून टेबलावर आपटलं.

"ही माझी भातुकली न्हाय. माझी बाबांनी तांबटाकडनं करून घेतली होती. होटगीला रेल्वेत होते ते. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी 'मुक्ता' कोरलेलं. जन्मभर वाटत होतं, ती हरवली. उन्हाळ्यात माळ्यावर सापडली, काळी ठिक्कर. रडले मी बघून. इथल्याच अल्लाउद्दीनकडनं कल्हई करून घेतली."

"आणि परत आली ती ही?"

"तेच तर कळत न्हाय. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी होती. सुनेनं भांडी घेतली, डब्यात ठेवली. पट्टी निघाल्यावर उघडलं तर हे."

कौसरनं पातेलं उलटंसुलटं केलं. आतबाहेर पिवळंधमक, बुडाशी नाव नाही.

"माझ्या लेकानं त्या माणसाची भर बाजारात कॉलर धरली. चोर म्हणाला," मुक्ताबाई म्हणाल्या. "मला विचारलंसुद्धा न्हाय. माझी भातुकली मला पाहिजे, बाई. दुसरं काही नको."

कौसर चिडली की तिचा आवाज खाली जायचा. "मिळेल, मावशी," ती इतक्या हळू म्हणाली की महेश्वरनं लगेच स्कूटरची किल्ली उचलली.

अल्लाउद्दीन कल्हईवाला भट्टी विझवून बसला होता. शेजारचे दुकानदार त्याच्याकडे चोरून बघत होते. बाजाराला काय, तमाशा फुकट मिळाला की झालं.

"लोकांसमोर चोर म्हणाले, बेटी," तो म्हणाला. "सकाळधरनं कुणी भांडं घेऊन आलं न्हाय."

"चाचा, भांडी डब्यातून आली होती?"

"डबा मी बघितलासुद्धा न्हाय. पिशवीत दिली, पिशवीतच नेऊन दिली. त्यांच्या सुनेच्या हातात."

माळग्यांच्या बंगल्यावर सून अपेक्षानं चहा दिला. महेश्वरनं घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"आईंना शुगर आहे," अपेक्षा म्हणाली. "साखर नाही, गूळ नाही, घरात काही ठेवतच नाही. चोरून खातात."

"खाते तर," मुक्ताबाई म्हणाल्या.

भातुकलीचा पितळी डबा कपाटात होता. कपाटाच्या फळीवरून मुंग्यांची रांग थेट डब्यात गेली होती. कौसरनं भांडी बाहेर काढली. सगळी आतून पिवळी. डब्याच्या तळाशी तपकिरी, चिकट डाग. तिनं नखानं खरवडून वास घेतला.

"मुंग्या पितळ खातात का हो?" महेश्वरनं विचारलं.

"तू खा आणि सांग," कौसर म्हणाली. मग अपेक्षाकडे वळली. "भांडी आली तेव्हा तुम्ही नीट बघितली होती?"

"बघितली की. आतून पांढरीशुभ्र, माझं तोंड दिसत होतं. लगेच डब्यात ठेवली."

"त्यानंतर घरी कोण आलं?"

"कोणीच नाही. आम्हीच रविवारी नातेपुत्याला गेलो होतो. तिथं पक्षाचे बापूसाहेब राहतात, उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्या नातीचा वाढदिवस. यांना नगरसेवकाचं तिकीट हवंय ना."

"भेट काय नेली?"

"कापडात गुंडाळलेलं मोठं काहीतरी. यांनीच नेलं. मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

तेवढ्यात मुक्ताबाईंचा मुलगा उदयसिंह आला. पांढरे कपडे, हातात दोन फोन. आईला काय हवंय हे विचारायला या माणसाला कधी वेळ नव्हता, पण बाजारात गरिबाची कॉलर धरायला होता.

"सरळ आहे की," तो म्हणाला. "घासून घासून नाव घालवलं त्यानं."

"मग भांडी तुमचीच झाली. चोर कसा?"

"चोरली नाहीतर घासली. काहीतरी केलं ना."

बाहेर आल्यावर महेश्वर म्हणाला, "सूनच असणार, मॅडम. भांडी तिच्याच हातात होती."

"उद्या सगळ्यांना बसव," कौसर पुटपुटली. "अल्लाउद्दीनचाचांनासुद्धा. खुर्चीवर."

दुसऱ्या दिवशी अल्लाउद्दीन माळग्यांच्या दारातच उभा राहिला. मुक्ताबाईंनी त्याला हाताला धरून आत आणलं. उदयसिंह सारखा घड्याळ बघत होता.

"कल्हई लावली की भांडं आतून पांढरं होतं," कौसरनं सुरुवात केली. "अपेक्षाताईंना त्यात तोंड दिसलं. म्हणजे चाचांनी खरी भांडी दिली, कल्हई करून दिली. ही भांडी आतून पिवळी आहेत. अदलाबदल या घरात आल्यावर झाली."

महेश्वरनं अपेक्षाकडे बघितलं.

"तिच्याकडे काय बघतोस? तिनं चोरली असती तर पांढऱ्याची गोष्ट सांगितलीच नसती. आता डबा. तळाशी गूळ चिकटलाय. या घरात गूळ येत नाही. मावशी चोरून खात असतील, पण आपल्या भातुकलीच्या डब्यात गूळ चिकटवणार नाहीत. डबा चाचांकडे गेलाच नव्हता. मग गूळ आला कुठून?"

मुक्ताबाई हळूहळू मुलाकडे वळल्या.

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे पोराबाळांना माहीत असतं. हा डबा कुणाच्या तरी घरी जाऊन आला. तिथल्या बाईनं रीतीप्रमाणे मूठभर गूळ घालून परत दिला. घर उसवाल्यांचं असलं तर गूळच घालणार. उदयसिंहराव, भातुकली तुम्ही नातेपुत्याला दिलीत. डबा मात्र परत मागून आणलात, कारण डबा जागेवर असला की आईला भांड्यांचा संशय येणार नाही असं वाटलं. बाजारातली नवी भांडी भरलीत. गूळ फेकलात, पण डबा विसळला नाहीत. जन्मात कधी भांडं विसळलं असतंत तर सुटला असतात. आणि चोर म्हणायला तुम्हाला आयता माणूस हवा होता."

"खेळणीच तर होती," उदयसिंह म्हणाला. "बापूसाहेबांना जुन्या वस्तूंची आवड आहे. या वयात आई काय खेळणार होती?"

"व्हय, खेळणार होते," मुक्ताबाई म्हणाल्या. "माझ्या बापानं दिलेली होती. तू कोण देणारा?"

"आई, तिकीट मिळू दे. मग मागून आणतो."

मुक्ताबाईंनी त्याच्या हातातला एक फोन काढून घेतला. "बापूसाहेबांना लाव," त्यांनी सुनेला सांगितलं. अपेक्षानं नवऱ्याकडे न बघता नंबर लावला.

"बापूसाहेब, मी सोलापूरहून मुक्ताबाई माळगे बोलते. तुमच्या नातीला दिलेली भातुकली चोरीची हाय. बुडाशी माझं नाव हाय, उलटून बघा. पोरीला रडवू नका, तिला मी दुसरी पाठवते. पण माझी मला आजच पाहिजे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"चोर व्हय? सांगते की," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुम्ही ज्याला तिकीट देणार हाय, तोच. माझा मुलगा हाय, म्हणून पुरं नाव सांगते. लिहून घ्या."

मुक्ताबाई एकेक अक्षर सावकाश सांगू लागल्या.