आंबेखोलचा धोकांक

हेडमास्तरांची ई-स्कूटर सेवंती पावरानं पळवली होती, यात काही वादच नव्हता. होळीआधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, तिथं मैत्रिणीला मागं बसवून मिरवायला नेली आणि येताना सरळ ओढ्यात घातली. पंधरा वर्षांची पोर. पकडली तेव्हा हसलीसुद्धा.

बाल न्याय मंडळाच्या टेबलावर ‘पारख’ ठेवलेलं होतं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. मुलाची माहिती भरली की ते धोकांक सांगे, म्हणजे हे मूल पुन्हा गुन्हा करील याची शक्यता, शंभरपैकी किती ती. चाळिसाच्या आत असला तर समज देऊन घरी. वर गेला तर नव्वद दिवस निरीक्षणगृहात, कुलपाआड. सगळ्या राज्याला एकच माप लागावं म्हणून तीन वर्षांपूर्वी ते आणलं. तेव्हापासून शहरांतली निरीक्षणगृहं ओस पडली आणि इथं आंबेखोल तालुक्याच्या पोरांना सतरंज्या पुरेनात. वा रे एकच माप!

“एक्क्याऐंशी,” दंडाधिकारी तांबोळी मॅडम म्हणाल्या. “नव्वद दिवस.”

“अहो, असं कसं मॅडम?” वनमाला वसावे उठल्याच. त्या परिवीक्षा अधिकारी. मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. आंबेखोलमध्ये त्यांची अकरा वर्षं गेली होती. “हिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत. घरी सहा वर्षांचा भाऊ, दित्या. त्याला रांधून कोण घालणार? तो बघा, बाहेर पायरीवर बसलाय.”

“यंत्राला डावलायचं तर ठोस कारण लेखी लागतं, वसावेबाई. दया आली, हे कारण वर चालत नाही.”

वनमालाबाईंनी यंत्र पुढ्यात ओढलं. नाव तेच ठेवलं, वय तेच, स्कूटर तीच. पत्ता तेवढा पुण्यातल्या एका सोसायटीचा घातला.

“एकोणीस,” पारख म्हणालं.

“ऐकलंत? पुण्याचं पोर खोडकर आणि आमचं पोर गुन्हेगार! लाज कशी वाटत नाही या डबड्याला?” त्यांनी खरा पत्ता पुन्हा भरला आणि ‘कारण’ लिहिलेलं बटण दाबलं. “बोल, काय पाप केलंय आंबेखोलनं?”

“आंबेखोल तालुका. दोनशे चौदा बालकांबाबत ‘घरी पाठवणे सुरक्षित नाही’ अशी नोंद. नोंद करणारे अधिकारी, वनमाला वसावे.”

बाईंनी यंत्रावरचा हात काढून घेतला.

दिवाळीनंतर तालुक्यातली गावं ऊसतोडीपायी रिकामी होत. किरकोळ चोरीत सापडलेलं पोर घरी पाठवलं, तर ते कुलूप लावलेल्या दारापुढं उपाशी बसे. म्हणून हंगाम संपेपर्यंत वनमालाबाई त्याला निरीक्षणगृहातच ठेवून घेत. दोन वेळचं गरम जेवण, शाळा, दवाखाना. फॉर्मवर ‘पोराला जेवण मिळावं म्हणून’ असा रकाना नव्हता. जो होता तो त्यांनी भरला, दोनशे चौदा वेळा, आणि आपण पुण्य केलं असं समजून दर वेळी निवांत झोपल्या. पारखला शिकवताना याच नोंदी पुढं ठेवल्या गेल्या. आंबेखोलची पोरं कोंडायची असतात, एवढं ते बरोबर शिकलं.

“मेलं माझं शहाणपण!” त्या ओरडल्या. “करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अकरा वर्षं वसतिगृह मागत होते मी. पोरांसाठी चार खोल्या द्या म्हटलं. त्या नाही दिल्या, हे दिलं! द्या तो कागद इकडे.”

“काय लिहिताय?”

“त्या नोंदी खोट्या आहेत. पोरं धोक्याची नव्हती, भुकेली होती.”

तांबोळी मॅडमनी त्यांचा हात धरला. “खोट्या नोंदी केल्याचं स्वतःच्या हातानं लिहून देताय. नोकरी जाईल, बाई.”

“जाऊ दे! जळो ती नोकरी.”

आठ पानं भरली. दुपारी मॅडमनी खाली सही केली आणि त्या नोंदी वगळून पारखला पुन्हा विचारलं. सत्तावीस. भिंतीपाशी उभी असलेली सेवंती आता हसत नव्हती. तिनं वाकून बाईंच्या पायाला हात लावला आणि बाहेर पळाली. पायरीवरून दित्या उठला, तिच्या ओढणीला लटकला आणि भूक लागली म्हणून भुणभुण करू लागला. खिडकीतून बघताना बाईंना जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात पारख पुन्हा बोललं. “सुधारणा याच प्रकरणापुरती. कुटुंबातील पुढील बालकाची फाइल उघडली आहे. दित्या पावरा, वय सहा. धोकांक एकोणसाठ.”

“सहा वर्षांच्या पोराला कायदासुद्धा हात लावत नाही, मॅडम!”

“सात पूर्ण होईपर्यंत नाही लावत,” तांबोळी मॅडम खाली मान घालून म्हणाल्या.

वनमालाबाईंनी ‘कारण’चं बटण दाबलं.

“बहिणीवर प्रकरण. तालुका, आंबेखोल.”

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग मुठीनं दाबलं, टेबल हादरलं, आणि बाहेर दित्या दचकून बहिणीमागं लपला.

“अरे मेल्या, पण त्यानं केलंय काय?”