गफ्फारभाईंचं भिंग

तुमच्यापैकी कोणी कधी मेलेल्या माणसाचा फोटो काढला आहे का?

हसू नका. तुमच्या मोबाइलमध्ये ताटातल्या भाकरीचाही फोटो असतो, म्हणून विचारलं. आपल्या भागात तो काढायची रीतच होती. मयताला आंघोळ घालायची, धुतलेले कपडे चढवायचे, खुर्चीत बसवायचं, पडू नये म्हणून छातीवरून उपरणं बांधायचं आणि घरच्यांनी भोवती उभं राहायचं. कित्येकांच्या उभ्या जन्मातला तो एकच फोटो. मूर्तिजापूरपासून कारंजाच्या रस्त्यापर्यंत हे काम एकाच माणसाकडे होतं, अब्दुल गफ्फार. गफ्फारभाईंनी काढलेला मयत झोपल्यासारखा दिसतो, असं बाया म्हणायच्या.

मी सांगतो आहे ते त्यांच्या शिष्याचं, संघपालचं. स्टेशनाकडे त्याचा स्टुडिओ होता आणि माझं रोजचं बसणं तिथे. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली. दुसऱ्यांदा विचारलं, तर चहा तसाच ठेवून उठून गेला.

गफ्फारभाई गेल्यावर त्यांच्या बायकोने, नसीमबानोचाचीने, त्यांचा जुना रशियन कॅमेरा संघपालच्या हातात दिला. "तुह्याशिवाय याचं मोल कोणाले समजते, बेटा?" म्हणाली.

आता त्या कॅमेऱ्याची तऱ्हा ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यात भिंगातून काही दिसतच नाही. बाजूला एक छोटी खिडकी असते, डोळा तिथे लावायचा. खिडकीत समोरचा माणूस दोन दिसतो, एकावर एक सरकलेला. भिंग फिरवत फिरवत त्या दोघांचा एक झाला, की नेम बसला. भिंग काय पाहतं ते फक्त फिल्मला कळायचं. काढणाऱ्याला नाही.

कॅमेऱ्याच्या आतलं कापड कुजलं होतं, तो काही चालेना. भिंग मात्र लख्ख होतं. संघपालने एक जोडणीची रिंग मागवली आणि ते भिंग आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवलं. नव्या कॅमेऱ्याच्या मागे पडदा. भिंग जे पाहील ते सरळ पडद्यावर.

चाचीला त्याने हौसेने दाखवलं. ती जरा मागेच सरकली. "त्यायनं या काचातून कधी पाह्यलं नाही रे," म्हणाली. "खिडकीतून पाहे."

"चाची, आता खिडकीच राह्यली नाही, तं कुठून पाहू?" संघपाल हसून म्हणाला.

त्याच्याकडे कंपनीचं नवं भिंगही होतं. पापणीचा केस न् केस मोजून दाखवणारं. पण त्याचा जीव जडला जुन्यावर. ते कडा मऊ करायचं, दिव्याभोवती साय धरल्यासारखा उजेड धरायचं, मागची भिंत हलकेच गोल फिरवायचं. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "नवरदेव धुक्यात उभा केला काय बे?" त्यावर संघपालचं एकच उत्तर. "नव्या भिंगाले नाक-डोळे दिसते. जुन्याले माणूस दिसते."

वर्ष दोन हजार सतरा. बुधवार, ऑक्टोबरची चार तारीख, कोजागिरीची आदली रात्र. तुम्हाला ते वर्ष आठवत असेल. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि फवारणी करणाऱ्याच्या तोंडावरच औषध उडायचं. किती पोरं दवाखान्यात गेली, त्यातली किती परत आली, ते मी सांगायला नको.

कारंजा रस्त्यावरच्या एका गावातला बंडू असाच गेला. रोजाने दुसऱ्याच्या वावरात फवारायला जायचा. उन्हाळ्यात लग्न झालेलं, बायको मैना विशीचीही नव्हती. शवचिकित्सा होऊन प्रेत घरी आलं तेव्हा दिवस बुडाला होता, म्हणून अग्नी सकाळी द्यायचं ठरलं. बंडूच्या आईने, पार्बताबाईने, हट्ट धरला. तिच्या सासऱ्याचा आणि नवऱ्याचा शेवटचा फोटो भिंतीवर होता, दोन्ही गफ्फारभाईंच्या हातचे. पोराचाही तसाच पाहिजे, त्याच काचेचा.

संघपाल मोटारसायकलवर निघाला. चांदणं टिपूर पडलं होतं. रस्ता कोरडा, थंडी अजून लागायची होती. वाटेत तो फोटोचाच विचार करत होता. लोडशेडिंग असणार, कंदील असणार, कंदिलाच्या उजेडात हे भिंग काय करतं ते त्याला ठाऊक होतं. अमरावतीला एक प्रदर्शन भरायचं होतं. तिथे हा फोटो लागला तर... असा विचार त्याच्या मनात आला. हे त्यानेच मला सांगितलं.

घरापुढे माणसं बसली होती. बंडूचा काका जानराव बिडी ओढत होता.

"आला काय लग्नाचा फोटूवाला! बँडवाले कुठी सोडले?"

"जानरावकाका, आईनं बलावलं म्हून आलो जी."

"आर माय, तिले काय? तिले दिसते तरी काय? मोतिबिंदू हाये दोनी डोयात. मोबाइलमदी काढला असता एक."

आत बंडू खुर्चीत बसला होता. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, छातीवरून उपरणं. मान जराशी कलली होती. डोळे मिटलेले. पायाशी मैना. रडून रडून तिचा आवाज गेला होता.

बॅगेत दोन्ही भिंगं होती. फ्लॅशही होता. नवं भिंग लावून एक चाप दाबला असता, तर पाच मिनिटांत सुटका होती. संघपालने कंदिलाकडे पाहिलं, भिंतीवरच्या दोन फोटोंकडे पाहिलं, आणि जुनं भिंग चढवलं. कॅमेरा तिकाटीवर ठेवला. जुन्या भिंगाचा नेम हाताने धरावा लागतो, म्हणून पडद्यावर बंडूचा चेहरा मोठा करून घेतला. नुसता चेहरा. नाक, ओठ, मिटल्या पापण्या. तो भिंग सावकाश फिरवू लागला. चेहरा पुसट झाला... दाट झाला... स्पष्ट झाला.

नाकपुडी हलली.

संघपालने मान वर केली. खुर्चीत बंडू. गार. एक माशी ओठावर बसली होती, ती तशीच बसून होती.

त्याने पडद्यावर पाहिलं. पडद्यातली माशी उडाली. ओठ झटकल्यासारखे हलले होते.

त्याने भिंग उतरवलं. नवं भिंग लावलं. पडद्यावर मयत. सुजलेल्या पापण्या, मानेपाशी टाक्यांची सुरुवात, सगळं स्वच्छ, सगळं मेलेलं. त्याचा जीव भांड्यात पडला. जुनी काच, कंदिलाची थरथर, दुसरं काय.

फोटो तेव्हाच काढायचा होता. नवं भिंग लावलेलंच होतं. पण पडद्यावरचं ते चित्र त्याला फार उघडं वाटलं. असं टांगायचं भिंतीवर? त्याने पुन्हा जुनं लावलं.

बंडूचे डोळे उघडे होते.

पडद्यातून तो सरळ भिंगात पाहत होता. पिंजऱ्यातलं जनावर दाराकडे पाहतं, तसा. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले.

"पानी मांगून राह्यला," मागून कोणीतरी म्हणालं.

मैना. ती कधी उठून त्याच्या खांद्यामागे आली, त्याला कळलं नव्हतं.

"दादा... पानी मांगून राह्यला ना तो."

तिने तांब्या उचलला. खुर्चीपाशी गेली. बंडूच्या ओठाला लावला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. तिने मागे वळून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर बंडूची जीभ बाहेर आली होती. ओठ चाटत होता... पाणी पोचत नव्हतं. तिने पुन्हा ओतलं. पुन्हा सांडलं. पडद्यावर त्याचा चेहरा वाकडा झाला, लहान पोराचा होतो तसा.

मैनेने किंकाळी फोडली. "जित्ता हाये! काकाजी, जित्ता हाये तो!"

सगळं अंगण दारात आलं. जानरावने तिचा दंड धरला. "पोरी, भानावर ये. डाक्टरनं चिरला त्याले. पोटभर टाके हायेत. कसा जित्ता राहीन?"

"तुमी पाहा! या टीवीत पाहा! मंग जाळजा!"

पार्बताबाई भिंत चाचपत आली. पडद्याला नाक लावलं. बराच वेळ पाहत राहिली. "मले नुसता उजेड दिसते वो," म्हणाली. "काय करून राह्यला माहा बंडू? सांग ना. हासून राह्यला?"

मैनेने पदर तोंडात कोंबला.

"हासून राह्यला ना?"

पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. संघपालने ते पाहिलं.

"सर बाजूले," जानराव म्हणाला. त्याने बिडी फेकली. "मी पाह्यतो. एकदा पाह्यतो, मंग हिची समजूत पटन. आन खरंच जित्ता दिसला, तं मी हात लावू देनार नाही कोणाले. पाच गावचे लोक बलावीन."

तो वाकला. चष्मा पुसला. चष्मा लावला.

पडदा काळा झाला.

मैना कॅमेऱ्यावर झेपावली. बटण दाबत राहिली. "लाव ना, दादा... लाव ना... तो पाहून राह्यला होता..."

"बॅटरी गेली," संघपाल म्हणाला.

"दुसरी असन ना?" जानराव.

दुसरी होती. भरलेली. पॅंटच्या उजव्या खिशात. त्याचा हात तिच्यावरच होता, बोटांना तिच्या कडा लागत होत्या.

पोरांनो, त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं, ते त्याने माझ्यापासून लपवलं नाही. बॅटरी घातली तर ते डोळे पुन्हा पाहावे लागणार. लोकांनी पाहिलं तर प्रेत उचलणार नाहीत. आणि भिंग... भिंग ही माणसं परत देणार नाहीत. मैना ते उशाशी घेऊन बसेल. हे त्याच्या मनात शेवटी आलं, पण आलं.

जानराव त्याच्याकडे पाहत होता. "हाये का नाही, बोल लवकर."

"नाही."

मैना त्याच्या खिशाकडे पाहत होती. त्याच्या हाताकडे. तिला कळलं होतं.

ती खाली बसली आणि बंडूचे दोन्ही पाय पोटाशी घट्ट धरले. नंतर चार बायांनी मिळून सोडवले, म्हणतात.

संघपालने तिकाटी मिटली. फोटो एकही काढला नव्हता. दारातून निघताना पार्बताबाईने विचारलं, "चांगला आला ना रे बाप्पा फोटू?"

"हो माय," तो म्हणाला.

मोटारसायकल त्याने कशी चालवली, त्याला आठवत नाही. एवढंच आठवतं, की बॅग पाठीला होती आणि पाठीला तेवढीच जागा ऊबदार लागत होती. स्टुडिओत आल्यावर त्याने कॅमेऱ्यावरून भिंग काढलं आणि टेबलावर ठेवलं. तिथेही वीज गेलेली होती. तो भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन उजाडेपर्यंत तसाच बसला.

उजेड आला तेव्हा त्याला दिसलं, की काचेवर वाफ धरली आहे.

पुढून पुसली. जाईना. मागून पुसली. जाईना. वाफ आत होती, दोन काचांच्या मधे, जिथे बोट पोचत नाही. तो पाहत राहिला. वाफ विरली. काच स्वच्छ झाली... पुन्हा वाफ आली. विरली. आली. संथ. आजारी माणसाला झोप लागल्यावर श्वास चालतो, तशी.

मोबाइल टेबलावरच होता. जानरावचा नंबर त्यात होता. त्याने मोबाइल उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. काय सांगायचं? कोणत्या तोंडाने? आठ वाजले. नऊ वाजले. समोरच्या हॉटेलवाल्याने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास बंडूला अग्नी दिला. त्याच सुमारास भिंगातली वाफ भराभर यायला लागली, आणि मग एकदम थांबली. संघपालने भिंग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. आतल्या काचेला काजळी धरली होती.