माणक्याला दिलेलं आवतान

मी थापाडी हाय, ह्ये आख्ख्या कुंडल गावाला ठावं. माझ्या गोष्टीतल्या नागाला दर वरसाला एक फणा जादा फुटतोय.

पर ही गोष्ट मी वाढवून सांगत न्हाई. उलट थोडी कमीच करून सांगते...

मागल्या बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवसाची सांज. आमच्या मळ्यातला गोठा.

माझा ल्योक कृष्णात मळ्यावर कृषी पर्यटन चालवतोय. पुण्याची माणसं येत्यात, पिठलं-भाकरी खात्यात, बैलासंगं फोटू काढत्यात. त्यांची पोरं पाठीवर घेऊन फिरायचा आमचा म्हातारा पांढरा बैल माणक्या. शेपूट वढा न्हाईतर कान पिरगाळा, गडी शांत.

त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यो लंगडायला लागला. लंगड्या बैलावर पोरगं कोन बसवनार? कृष्णातनं त्याला यापाऱ्याच्या टेंपोत घातलं.

माझी नात सृष्टी, सहा वरसांची. रडून रडून जेवंना. मी सांगितलं, माणक्या त्याच्या मामाच्या गावाला गेलाय.

लगीच जेवली.

तर त्या सांजंला खांदमळणी. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, एकेकाचं नाव घ्यायचं आन म्हनायचं, "आज आवतान घ्या, उद्या जेवायला या."

दावणीला दोनच बैल. मी दोन नावं घेतली...

आन सवयीनं तिसरं बी.

माणक्याच्या मोकळ्या खुंट्यापाशी... त्याच्या गळ्यातल्यावानी घंटी वाजली.

एकदाच.

कृष्णात म्हनला, "आये, त्येचं नाव कशाला घेतलंस?"

मी म्हनलं, निघालं तोंडातनं. हसले बी. त्यो हसला न्हाई.

दुसऱ्या दिवशी समदी मिरवणुकीला गेली. पावनं बी, बैलं बी. दिवस मावळायच्या आत आमी परत आलो. बैलांसाठी गोठ्यात झाकून ठेवलेली पुरणपोळीची टोपली...

चाटून लख्ख.

आन आमच्या म्होरं पळत आलेली सृष्टी कुटंच न्हाई.

घरात न्हाई. हिरीवर न्हाई. उसात हाका मारून कृष्णातचा घसा बसला.

घावली ती बांधाच्या कडंला. टेंपो जिथं उभा केलावता, तिथंच. फ्रॉकला पांढरी केसं चिकटलेली. चौफेर गुडघाभर चिखल, आन पोरीचं पाय कोरडं.

चिखलात तिचं पाऊल न्हाई...

खुराचं बी न्हाई.

"आजी, माणक्यानं मला फिरवलं. आता त्यो लंगडत न्हाई."

कृष्णातनं तिला उचलून घर गाठलं. तवापासनं मळ्यावर कुनाचं पोरगं बैलावर बसलं न्हाई.

उद्या यंदाचा बेंदूर.

आज खांदमळणीला मी तोंडाला पदर लावून बसले. एक नाव काढलं न्हाई. आवतान कृष्णातनं दिलं, दोघांनाच, मोजून.

तरी बी खुंट्यापाशी घंटी वाजली...

पाठोपाठ सृष्टी पळत आली. तिच्या दोनी खांद्यांना हळद-तूप चोळलेलं.

मी इचारलं, कुनी लावलं गं?

"माणक्यानं. म्हनला, गेल्या साली मी तुमच्यात जेवलो. उद्या तू माझ्या मामाच्या गावाला जेवायला ये."

मामाचं गाव.

ती थाप माझी हाय. असलं गावच न्हाई. माणक्याला नेलं तिथनं कुनी जित्तं माघारी येत न्हाई.

पोरीला मांडीवर गच धरून बसलीया. तूप चार डाव धुतलं, निघंना.

कृष्णात म्हनतोय, "आये, तूच सांगितलंस, तूच काय तरी सांगून माघारी लाव त्याला."

लय इचार करतीया... एक थाप सुचंना.