दिशा नसलेला पत्रा

१९८४ च्या मार्चमध्ये स्पोकेनजवळच्या आमच्या अॅल्युमिनियम मिलमध्ये एकच विषय होता: कान. पेयांच्या कॅनसाठी पत्र्याचा पेला दाबला की काठावर चार उंचवटे येत, त्यांना आम्ही कान म्हणत असू. रोलरखाली लाटताना धातूतले स्फटिक एका दिशेला कलतात. मग भट्टीत तापवलं की नवे स्फटिक वाढतात, त्यांचा कल वेगळा. दोन्हींचा तोल जमला तर काठ सपाट येतो. आमचा जमत नव्हता. गिऱ्हाइकाने महिनाअखेरची मुदत दिली होती. त्यानंतर लाइन बंद, नव्वद माणसं घरी.

तापमान बदलत मी पत्र्याच्या पाच कॉइल, म्हणजे गुंडाळ्या, तापवल्या. पाचही फुकट गेल्या. सहावी भट्टीवरच्या डेलने काढली. तिचा पेला मी टेबलावर पालथा ठेवला, तर काठाखाली कागदही सरकेना.

स्फटिकांचा कल दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनवर पद्मिनी होती, नागपूरची. तिने तुकडा तीनदा लावून पाहिला.

"श्रीरंग, यात दिशाच नाहीये. हा पत्रा कधी रोल झालाच नाही, असं मशीन म्हणतंय."

"मशीन चेक केलंस?"

"जुन्या सॅम्पलवर बरोबर चालतंय, यार."

लाटलेला पत्रा इतका कोरा होत नाही. भट्टीच्या चार्टवरची तापमानाची रेघ मात्र नेहमीसारखीच होती. सातवी कॉइलही तशीच निघाली, तेव्हा मी डेलकडे गेलो.

"तू वेगळं काय करतोस?"

"काही नाही. दार उघडतो, जरा उभा राहतो. गार वाटतं."

भट्टी साडेसहाशे फॅरनहाइटवर होती. त्याने दार उघडलं. तोंडावर गारवा आला, ओल्या मातीच्या वासाचा. आतल्या पंख्याचा आवाज येत नव्हता.

"हे बघ," म्हणत डेलने उजवा हात थेट डोक्यावर नेला. मिलमधल्या एका अपघातानंतर अकरा वर्षं तो हात खांद्याच्या वर गेला नव्हता. डेल हसत होता. मलाही हसू आलं. कित्येक आठवड्यांनी छाती हलकी वाटली.

शुक्रवारी गिऱ्हाइकाचा होकार आला. कॅफेटेरियात माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. पद्मिनी डोळे पुसत होती.

डेलने हातमोजा काढून माझा हात हातात घेतला.

त्याचा तळवा गुळगुळीत लागला. मी वळवून पाहिला. एकही रेष नव्हती. बोटांच्या टोकांवरही नाही.

"दुखत नाही," तो म्हणाला. "उलट बरं वाटतं."

दुपारी फायनल रिपोर्टवर सही करताना माझ्या बोटांतून पेन दोनदा घसरलं.