कॅमेऱ्यात बघायचं नाही

श्रावणातला शनिवार होता. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या घरात उद्या घरात बसणाऱ्या कानबाई देवीची तयारी चालली होती. ओटा धुऊन झाला होता, नवं सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि वृषाली पाटावर बसून रोटांचे गहू काढणार होती. समोर तिची लेक भाविका तीन पायांच्या स्टँडवर फोन बसवत होती.

"दृश्य पहिलं. स्वयंपाकघर. दिवस," भाविका म्हणाली. "मम्मी, नुसतं काम करायचं. कॅमेऱ्यात बघायचं नाही."

"आणि शिंक आली तर?"

"शिंक चालेल. संवाद नको. तू फार बोलतेस."

बारावीचा निकाल लागल्यापासून भाविकाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पुण्याच्या एका संस्थेत पटकथा आणि दिग्दर्शन शिकवत. दिवाळीनंतर वर्ग सुरू. त्याआधी स्वतः लिहिलेली पटकथा आणि त्यावरची पाच मिनिटांची फिल्म पाठवायची, पसंत पडली तर प्रवेश. तिनं फिल्म आईवर लिहिली होती. एका बाईचे हात दिवसभर काय काय करतात, एवढंच.

एसटीत कंडक्टर असलेल्या प्रेमराजनं लेकीला एकच अट घातली होती. "फिलिम बनाव. त्यास्नी बलायं तर जाय. पन फिलिममझार कोन्ही पोरगा दिखना, तर कॉलेज बी बंद."

वृषालीनं नवऱ्याला तेवढ्यावर आणायला पूर्ण उन्हाळा घालवला होता. ती स्वतः बारावीत असताना तिच्या अंगाला हळद लागली होती. लेकीचं तसं व्हायला नको होतं. आणि लेक पुण्याला गेली की घर खायला उठेल, हेही तिला ठाऊक होतं.

गहू मोजायची रीत साधी होती. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि एक मूठ टोपलीत टाकायची. सासरे नथ्थूआबांची, प्रेमराजची, सुरतेच्या दिरांची. पोरींच्या नावची मूठ नसते, त्या परघरी जाणाऱ्या. त्या गव्हांचे रोट होतात, आणि ते घरच्यांनीच खायचे, परक्याला त्यातला कणही द्यायचा नाही. उरलं तर अंगणात खड्डा करून पुरायचं.

दिरांची मूठ टाकून झाली, आणि वृषालीचा हात परत गव्हात गेला.

दरवर्षी तिला ही मूठ घ्यावीशी वाटायची. पुढच्या श्रावणात भाविका इथं असेल की नाही, कोण जाणे. मूठ भरून घेतली आणि तिनं नको तेच केलं. मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं, हसली आणि हळूच म्हणाली,

"ही तुझी."

मूठ टोपलीत पडली, आणि त्याच वेळी बाहेरचं फाटक वाजलं. भाविका आत आली, हातात नारळ. तिच्यामागं प्रेमराजची आत्या, लताअक्का.

"तू कुठं होतीस? फोनमागं नव्हतीस?" वृषालीनं विचारलं.

"फाटकात. अक्कांकडून नारळ घ्यायला गेले ना. कॅमेरा चालूच होता."

लताअक्कांनी टोपलीकडं बघितलं. गहू काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "एक मूठ जास्ती शे. कोना नावनी?"

"अशीच पडली, अक्का. काढून ठेवते."

"नही. टाकेल मूठ काढतस नही. ज्याना नावनी मूठ, रोट बी त्यानाच."

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली. सगळ्यांनी आपापला रोट खाल्ला. सोमवारी पांझरा नदीवर विसर्जन करून आल्यावर, उरलेला तो एक रोट अंगणात पुरायला वृषालीनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत चुरासुद्धा नव्हता.

"भावू, तू खाल्लास?"

"मी कशाला खाऊ? आबांना विचार."

आबा दात नसलेल्या तोंडानं हसले. "माले माना एक रोट बी जास नही, पोरी."

त्या आठवड्यात भाविकानं तिला फिल्मचा पहिला तुकडा दाखवला. आधी चित्र स्थिर होतं. पाट, टोपली, वृषालीचे हात. मग ती वर बघून हसली आणि "ही तुझी" म्हणाली, तशी चौकट हळूहळू पुढं सरकली. कुणीतरी नीट ऐकू यावं म्हणून वाकावं तशी.

"हे पुढं कसं आलं?"

"तेच तर मला कळत नाहीये. स्टँडवर होता."

वृषालीनं पुढचे तुकडे लावायला सांगितले. घराबाहेरच्या दृश्यांत आईची कामं भाविकानं स्वतःच केली होती. भाविका गच्चीवर कपडे वाळत घालतेय आणि चौकट तिच्यामागून चाललीय. भाविका बाजारात वांगी निवडतेय आणि चौकट तिच्या खांद्याशी येऊन थांबलीय. स्टँडला पाय असतात, पण ते चालत नाहीत. फोन कुणीतरी हातात धरलाय. आणि ज्यानं धरलाय त्याचा भाविकावर जीव आहे, हे आईला बघताक्षणी कळलं.

पोरगा. दुसरं कोण?

ती भाविकाचा फोन चाळू लागली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोराकडं संशयानं बघू लागली. भाविका कुणाशी बोलताना हसली की हिचे कान टवकारायचे. काही सापडलं नाही. त्यातच प्रेमराजनं एकदा लेकीच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावलं.

"कॅमेरा कोनी धरेल शे?"

"कोणी नाही, पप्पा. एकटीच होते."

जेवताना तो वृषालीला म्हणाला, "तुनी पोर खोटं बोली ऱ्हायनी. मी पुसाना पहिले तू तिले पूस, कोन शे तो."

म्हणून पुढच्या शूटिंगला वृषाली सोबत गेली. विसर्जनाचं दृश्य परत घ्यायचं होतं. भर दुपार, पांझरेचं पात्र, पलीकडं धुणं धुणाऱ्या बायका. भाविका डोक्यावर टोपली घेऊन पाण्याकडं चालत जाणार होती.

"स्टँड मी धरते," वृषाली म्हणाली.

"धर. पण हलवू नकोस."

वृषालीनं दोन्ही हातांनी स्टँड गच्च पकडला. भाविका चालत गेली, पाण्यात पाय बुडवले, परत आली. स्टँड हलला नाही. आसपास कुणी आलं नाही. वृषालीनं सुटकेचा श्वास सोडला.

मग निंबाखाली बसून दोघींनी तो तुकडा बघितला.

भाविका चालतेय. चौकट तिच्यामागून पाण्यापर्यंत जाते. थांबते.

मग मागं येऊ लागते. हळूहळू. वाळू, दगड, एक तुटकी चप्पल.

डाव्या कडेनं चित्रात एक पाठ आली.

जांभळी साडी. स्टँड गच्च धरलेले दोन हात.

पदर खाली चिखलात लोळत होता.

वृषालीनं आपला पदर हातात घेतला. टोक चिखलानं भरलं होतं. अजून ओलं होतं.

"पुसून टाक हे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

भाविका फोनवरून नजर काढत नव्हती. ती घाबरली नव्हती. तिचे डोळे चमकत होते. "मम्मी, असा शॉट मला कधीच जमला नसता."

"भावू, पुसून टाक."

"तू मला जाऊ देणार आहेस ना?"

वृषालीनं पदराचं टोक पिळलं. तो तुकडा फिल्ममध्ये राहिला.

दसऱ्याच्या सुमाराला पुण्याहून फोन आला. भाविकानं स्पीकर चालू केला. निवड झाली होती. पटकथा आवडली होती, फिल्म त्याहून आवडली होती. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं. कॅमेरा कुणी केलाय? कमालीची माया आहे त्यात."

चहाचा कप प्रेमराजच्या हातात तसाच राहिला. भाविकाचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगावं तर कोण ऐकणार होतं? आणि गप्प राहावं तर बाप नको ते समजणार होता.

"मी केलाय," वृषाली म्हणाली. "तिच्या आईनं."

फोन बंद झाल्यावर प्रेमराज बायकोकडं बघतच राहिला. "तू? तुले मोबाईलनी बत्ती बंद करता येत नही."

"शिकनू," ती म्हणाली.

तो हसला. आबा हसले. भाविका आईच्या गळ्यात पडली. वृषालीही हसली, पण तिच्या मानेवर काटा आला होता. जे कोण त्या फोनमागं होतं, त्याला मूठ तिनं आधीच दिली होती. आज आपलं नावही देऊन बसली.

दिवाळी झाल्यावर भाविका पुण्याच्या एसटीत बसली. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तो स्टँड. वृषाली घरी आली. गॅस बारीक केला, मोठा केला. कुणी "दृश्य पहिलं" म्हणत नव्हतं. निदान घर मोकळं तर झालं, असं तिनं मनाला समजावलं. मोकळं झालंच होतं. श्रावणापासून पाठीशी कुणी उभं असल्यासारखं वाटायचं, ते आता वाटत नव्हतं. तेच तिला आवडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. भाविकानं व्हिडिओ पाठवला होता.

"दृश्य पहिलं. होस्टेल. दिवस," भाविका हसत म्हणत होती. खोलीत दोन पलंग होते, दुसरा रिकामा. "रूममेट पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोपर्यंत मी एकटीच."

तिनं दोन्ही हातांनी बॅग उघडली. कपडे काढून कपाटाकडं निघाली. चौकट तिच्यामागून निघाली.

स्टँड कोपऱ्यात होता. मिटलेला. अजून दोरीत बांधलेला.

भाविकानं डबा उघडला. दशमीचा तुकडा मोडला आणि हात पुढं केला. चित्र क्षणभर अंधारलं. उजेड आला तेव्हा तळहात रिकामा होता. तिनं तो ओढणीला पुसला.

मग तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. धुळ्यात बसलेल्या वृषालीकडं ती बघत नव्हती. तिची नजर बरीच अलीकडं, फोन जिथं धरला होता तिथंच थांबली होती.

"मम्मी," ती लाडानं म्हणाली, "थोडी मागं सरक ना. माझे पाय दिसत नाहीयेत."

चौकट हळूच मागं सरकली.