दोन खोल्यांची एक घंटा

हवा गळत होती आणि घंटा गप्प होती. का?

चंद्रावरच्या त्या वस्तीत रिवाज होता. घराची हवाघंटा (हवेचा दाब घटला की वाजणारं यंत्र) त्या घरातल्या पोरानंच जोडायची. विकतची चालायची नाही. ज्याला श्वास घ्यायचाय त्याला घंटा कळलीच पाहिजे.

शलाकानं जोडली होती. दोन खोल्या, प्रत्येकीत हवेचा दाब बघणारी एक चिप, आणि दोघींत एक घंटा. दोन्ही चिपांतून बाहेर येणाऱ्या तारा तिनं एकत्र पिळल्या आणि घंटेला लावल्या. घंटा तपासणाऱ्या वैजूआत्यानं मागच्या खोलीची झडप किंचित उघडली. हवा सूं करत निघाली. घंटा ढिम्म! आत्यानं झडप बंद केली.

त्याच खोलीत आजपासून शलाकाचा तान्हा भाऊ निमू झोपणार होता.

"पुस्तकात तर लिहिलंय, तारा जोडा!" शलाका म्हणाली.

"पुस्तकवाल्याचं काय जातंय? तो पृथ्वीवर श्वास घेतो," आत्या फटकन म्हणाली. "चिपला बोट लाव."

"आई गं! भाजलं!"

"का तापली?"

"एक चिप हो म्हणाली. दुसरी गप्प राहिली."

"इथंच चुकलीस. ही चिप गप्प बसत नाही. हवा गळाली की तार पाच व्होल्टवर (व्होल्ट म्हणजे विजेचा दाब मोजायचं माप) ओढते. नाही गळाली, तर शून्यावर ओढून धरते. तू दोघींना एकाच तारेला जुंपलंस. एक वर ओढते, एक खाली. वीज एकीतून थेट दुसरीत धावते, दोघी तापतात आणि तारेतला दाब शून्य-पाचाच्या मध्येच लोंबकळतो. घंटेला काय कळणार, कपाळ?"

"म्हणजे निमू झोपला असता आणि..."

"हो." आत्यानं समजूत घातली नाही.

शलाकानं डोळे पुसले. "मग दोघींचं ऐकायला मध्ये कुणीतरी हवं."

"आत्ता बोललीस! ही घे 'किंवा' चिप. हिला आत यायच्या वाटा दोन, वेगवेगळ्या. त्या तार ओढत नाहीत, नुसता तारेतला विजेचा दाब बघतात. ही किंवा ती, एक जरी पाचावर गेली, तरी घंटा."

शलाकानं पीळ सोडवला. तापून जळलेल्या चिपा काढून नव्या बसवल्या, 'किंवा' मध्ये घातली. आत्यानं मागची झडप उघडली.

घंटा कडाडली! पुढच्या खोलीत आईच्या मांडीवरचा निमू दचकून उठला आणि त्यानं टाहो फोडला. आई थोपटायला लागली.

"रडू दे गं," शलाका म्हणाली. "त्याला ऐकू आलं."

मग पुढची झडप. पुन्हा तोच कडकडाट.

शलाका जळक्या चिपा कचऱ्यात टाकणार, तोच आत्यानं तिचा हात धरला. "ठेव. पुढच्या घराची घंटा निमू जोडेल. त्याच्या हातात पुस्तकाआधी ह्या दे."