कोपऱ्यातला तिरका टाका

मास्तरांना वस्तुसंग्रहालयांचं वेड होतं आणि त्यांच्या बायकोला त्या वेडाचा मनापासून कंटाळा होता. तरीही भाच्याची, आतच राहायची-झोपायची सोय असलेली घरगाडी मागून घेऊन दोघं निघाली, ती मास्तरांच्या हृदयापायी. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. ऑपरेशन झेपणार नाही, जे बघायचं ते बघून घ्या. जन्मभर इतिहास शिकवला तो पुस्तकातूनच, आता गावोगावची संग्रहालयं डोळ्यांनी बघायची, एवढीच मास्तरांची मागणी होती. गाडी ती चालवायची. मास्तर शेजारी नकाशा उलटा धरून रस्ता सांगायचे आणि चुकलं की रस्त्यावर रागवायचे.

ती रफूवाली. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिची उमर गेली. भोक कुठे होतं ते गिऱ्हाईक शोधत बसे, असा हात. काम पुरं झालं की मात्र उलट्या बाजूला, कोपऱ्यात, ती एक तिरका टाका घालायची. ती तिची सही. मास्तरांशिवाय ती कुणाला ठाऊक नव्हती.

पहिल्याच संग्रहालयात तिला तो टाका दिसला. काचेमागे कुणा कोळ्याचा करडा स्वेटर होता, शंभर वर्षांपूर्वीचा. बाही उलटी करून मांडलेली. कोपरावर निळ्या दोऱ्याचं रफू आणि कोपऱ्यात तिरका टाका.

"बघा हो, माझी सही चोरली कुणी तरी."

"अगं, तो तुझ्या आधीचा. चोर तूच."

दोघं हसली. मास्तरांनी दारातून त्या संग्रहालयाचा बिल्ला घेतला आणि आपल्या तपकिरी कोटावर, डाव्या छातीशी, टोचून ठेवला. प्रत्येक ठिकाणी ते असंच करणार होते, आणि प्रत्येक वेळी जुना काढून नवा तिथेच लावणार होते.

त्याच संध्याकाळी गाडीच्या कडीत अडकून मास्तरांच्या स्वेटरचं कोपर फाटलं. करडा दोरा संपलेला, डब्यात उरला होता तो निळा. तिने रफू केलं, सवयीने तिरका टाका घातला आणि मग तिचा हात थांबला. योगायोग, असं तिने स्वतःला बजावलं.

पुढच्या गावी काचेमागे मफलर होता. टोकाशी कसरीने खाल्लेला, हिरव्या दोऱ्याने रफू केलेला, आणि कोपऱ्यात तोच तिरका टाका. या वेळी ती हसली नाही. गाडीत येऊन तिने मास्तरांचा मफलर उलगडला, तर त्याच टोकाला कसर लागलेली. पण हिरवा दोरा तिच्यापाशी नव्हताच. तेवढाच जिवाला आधार. दुसऱ्या दिवशी मास्तर पेट्रोल पंपावर बिस्किटं आणायला गेले आणि हिरवं रीळही घेऊन आले.

"रंग आवडला. तुझ्या उपयोगी पडेल."

म्हाताऱ्याने हौसेने आणलंय, नाही कसं म्हणायचं? तिने मफलर रफू केला.

तिसऱ्या संग्रहालयात जायला ती तयारच नव्हती. मास्तर ऐकणार थोडेच. आतल्या खोलीत एकच पेटी होती आणि तिच्यात तपकिरी कोट. डाव्या छातीशी भोक, त्यावर अर्धवट रफू, आणि त्यात तशीच राहिलेली गंजकी सुई.

"पुरं का नाही केलं?" तिने रखवालदाराला विचारलं.

"असाच सापडला, म्हणून असाच ठेवलाय. सुई काढायला बघितली होती म्हणतात. निघाली नाही."

ती काचेला नाक लावून बघत राहिली. टाके वेडेवाकडे होते, कुठे सैल, कुठे ओढलेले. तिरका टाकाही होता, पण सुरुवातीलाच घातलेला. तो शेवटी घालायचा असतो हे माहीत नसलेल्या कुणी तरी. तिने मोकळा श्वास घेतला. हे काही तिच्या हातचं नव्हतं.

तरी ताकही फुंकून प्यावं म्हणून बाहेर आल्यावर तिने सुयादोऱ्यांचा डबा कचऱ्याच्या पिंपात टाकला. मास्तर तेव्हा संग्रहालयाच्या दुकानात बिल्ला निवडत होते. रात्री बिल्ला लावताना कोटाचं टोचून टोचून विरलेलं कापड टरकन फाटलं.

"एवढं रफू करतेस?"

"राहू द्या," ती म्हणाली. "भोकाने कुणी मरत नाही."

एवढं तोडून ती कधी बोलत नसे. तिचे हात थकले, असं मास्तरांना वाटलं असावं, कारण अंथरुणावर पडल्यावर ते कितीतरी वेळ तिची बोटं चोळत राहिले.

सकाळी मात्र त्यांची कळी खुलली होती. ती पाण्याचा कॅन घेऊन नळाकडे निघाली, तेव्हा ते गाडीच्या छोट्या टेबलाशी बसले होते. पाठीमागे काही तरी लपवल्यासारखं.

"सावकाश ये गं. घाई नको."

नळावर गर्दी नव्हती. ऊन छान पडलं होतं. डबा टाकला ते बरंच झालं, असं तिच्या मनात आलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

ती परत आली तेव्हा मास्तर तसेच बसलेले होते. चष्मा नाकावर घसरलेला. टेबलावर संग्रहालयाच्या दुकानातलं सुयादोऱ्यांचं नवं पाकीट. मांडीवर कोट.

"अहो."

तिने त्यांच्या गालाला हात लावला. मग नाकाशी धरला.

कोटावरचं रफू अर्धं झालं होतं. टाके वेडेवाकडे. कोपऱ्यात मात्र तिची सही, सर्वांत आधी घातलेली.

अर्धं काम टाकणं तिला जमत नसे. निदान ही ओळ तरी पुरी करू, म्हणून ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिने सुई ओढली.

सुई हलली नाही. ती गंजून लोकरीत घट्ट बसली होती.